मिक्सरचा आवाज कुठे गेला

अडेपाडी
५ जानेवारी २०१९

चि. रेवतीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू लिहिलंस म्हणून काल पुत्तूरला जाऊन ते बाहेरचं साउंड कार्ड बघून आलो. आधीच सांगून टाकतो, मला शिसारी आली.

कार्ड म्हटल्यावर मला वाटलं होतं पत्त्यासारखं काहीतरी पातळ असेल. निघाली अर्ध्या विटेएवढी लोखंडी पेटी. लालभडक. पुढे बटणं, मागे भोकं, पोटात हिरवा दिवा. ती लॅपटॉपला वायरने जोडायची म्हणे. मग आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या भोकातून न जाता या पेटीतून आत जातो, आणि स्वच्छ जातो. मी विचारलं, मग लॅपटॉपला दिलेलं भोक काय शोभेला ठेवलंय का? दुकानदाराच्या तोंडात पान होतं. उत्तर द्यायचं तर थुंकावं लागलं असतं, म्हणून त्याने एक हेडफोन उचलला आणि सरळ माझ्या डोक्यावर चढवला. अगं, त्याच्या गाद्या चार गावांच्या डोक्यांच्या तेलाने चिकट झाल्या होत्या. एक लांब केससुद्धा होता. आतून काय वाजत होतं ते मी ऐकलंच नाही, कधी एकदा काढून फेकतो असं झालं होतं. घरी येऊन दोनदा डोकं धुतलं. यमुना विचारते, कुणाचं सुतक आहे का?

तेव्हा ती पेटी मी घेणार नाही. तुला उतरवून हवी आहे ती जुनी कॅसेट आहे, माझा टेपरेकॉर्डर चालू आहे, सत्काराच्या वेळी मंडळाने दिलेला लॅपटॉप आहे. वायर लावायची आणि उतरवून घ्यायचं, एवढंच काम. त्यात तिसरं यंत्र कशाला?

कॅसेट मात्र काढून पाहिली. फितीवर पांढरी बुरशी आली आहे, लोणच्यावर येते तशी. केशव लाउडस्पीकरवाला म्हणाला, एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेल याची हमी नाही. कॅसेट माझ्याकडे पाठवा असं म्हणू नकोस. एकदा मंगळूरच्या एका रसिकाला दिली होती, तर दुसऱ्या बाजूवर त्याच्या भाचीचं बारसं भरून परत आली. एका बाजूला एक्क्याण्णव सालची ती दुपार, दुसऱ्या बाजूला बाळाचं रडणं. तेव्हापासून ती या घराचा उंबरा ओलांडत नाही.

त्या दुपारी गायला तुझे अप्पा भागवत म्हणून बसले होते, पदं त्यांनी गायली. पण ना वेष ना नाच, बसल्या जागी पदं आणि बोलणं, तरी तालमद्दळे ऐकायला लोक येतात ते कशासाठी, हे मी तुला सांगायला नको. पद चार ओळींचं असतं, त्याच्यावर ऐनवेळी सांगितलेला अर्थ अर्ध्या तासाचा. हरलेल्या राजाच्या तोंडून मी जे उत्तर दिलं होतं ते आजही कासरगोडपर्यंत लोक म्हणून दाखवतात.

यमुनाने तुला सुपारीचं पीक बरं आहे असं कळवायला सांगितलं आहे.

सदाशिव कुंजत्ताय


मूडबिदिरे
१२ जानेवारी २०१९

मास्तरांना नमस्कार.

तुमचं डोकं धुऊन झालं असेल तर माझं म्हणणं शांतपणे वाचा. फोनवर चार मिनिटांत झालं असतं, पण तुम्ही फोनची तारच काढून ठेवली आहे, म्हणून पोस्टाची तिकिटं चाटत बसले आहे.

लॅपटॉपचं ते भोक बोलण्यासाठी केलेलं असतं. समोरच्याशी गप्पा माराव्यात आणि त्याला आपलं बोलणं कळावं, इतपतच. केशवण्णांनी मला हे दोनदा समजावलं. गाणं त्याच्यातून नीट जात नाही. कॅसेट दहा वेळा वाजणारी असती तर मी म्हटलं असतं, करून बघा, बिघडलं तर परत करू. पण ती एकदाच वाजणार आहे. एकदाच वाजणाऱ्या गोष्टीला चांगलं भांडं नको का?

मला तुमचं उत्तर नको आहे, राग मानू नका. ते सगळ्यांना पाठ आहे. मला हत्तीच्या निरोपाचं पद हवं आहे. हरलेला राजा आपल्या हत्तीचा निरोप घेतो ते. ते पद सगळे भागवत एकाच चालीवर गातात, फक्त अप्पा वेगळ्या चालीवर गायचे. त्यांनी ती कुणाला शिकवली नाही, मला तर नाहीच. मुलीच्या हातात भागवताची झांज द्यायची नाही असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं, अप्पांनाही वाटायचं. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता दहा मार्चला अडेपाडीच्याच देवळात मला भागवताच्या जागेवर बसायला बोलावलं आहे, तोच प्रसंग, अर्थ सांगायला तुम्हीच. कमिटीचा एक जण फोनवर म्हणाला, बाई गाणार म्हटल्यावर गर्दी होईल. ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. तमाशाच बघायला येणार असतील तर निदान तिथे अप्पांची चाल तरी पडू दे त्यांच्या कानावर.

त्या चालीतलं मला फक्त तिसऱ्या ओळीचं वळण आठवतं. सुपारी सोलताना अप्पा तेवढंच गुणगुणायचे. मागचं पुढचं काही नाही.

तुम्हाला पेटी घ्यायची नसेल तर घेऊ नका. केशवण्णांची पेटी जत्रेच्या कामात अडकली आहे, ती शनिवारी सुटेल. रविवारी, सत्तावीस तारखेला, मी ती घेऊन येते. तोपर्यंत कॅसेटला हात लावू नका.

रेवती


अडेपाडी
१९ जानेवारी २०१९

चि. रेवतीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'मला तुमचं उत्तर नको आहे.' बरं. बारा गावांत शाली मिळवल्या त्या काय गोधड्या शिवायला?

पण मी आंधळेपणाने काही करणारा माणूस नाही. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं आहे, आधी तपासावं, मग बोलावं. म्हणून काल रीतसर परीक्षा घेतली. नवी कॅसेट आणली. तिच्यावर दहा मिनिटं अर्थ सांगितला, हरलेल्या राजाचाच. मग ती टेपरेकॉर्डरमध्ये घालून वायर लॅपटॉपच्या भोकात लावली आणि उतरवून घेतली. निकाल ऐक. घंटेसारखा स्वच्छ. एक अक्षर हरवलं नाही. अगं, कमाल म्हणजे मी बोलत असताना यमुना आत मिक्सरवर नारळ वाटत होती. कॅसेट नुसती वाजवली तर तो घरघराट माझ्या बरोबरीने ऐकू येतो. लॅपटॉपने तो गाळून टाकला. कावळासुद्धा गाळला. उरलं फक्त माझं बोलणं, जणू आजूबाजूला जगच नाही. मी यमुनाला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, तुम्हाला हेच हवं होतं आयुष्यभर.

तेव्हा तुमचा केशव आणि तो पान खाणारा, दोघेही एकाच माळेचे मणी. पेट्या खपवायच्या असतात यांना. घेणाऱ्याच्या गळ्यात काहीतरी बांधल्याशिवाय यांना अन्न जात नाही. किळस येते मला या सगळ्या प्रकाराची. गायकाचा गळा नीट नसेल तर म्हणतात माइक बदला, माइक नीट असेल तर म्हणतात वायर बदला. तुझ्या अप्पांच्या वेळी माइकच नव्हता, तरी शेवटच्या माडाखाली बसलेल्याला पद ऐकू यायचं.

बुरशी मात्र वाढते आहे. या आठवड्यात दोन ठिपक्यांचे पाच झाले. सत्तावीसपर्यंत थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. उद्या सकाळी पूजा आटोपली की मी कॅसेट लावणार आहे. तू रविवारी ये ती नुसती ऐकायला. पत्रोड्यांसाठी अळूची पानं काढून ठेवायला सांगतो.

सदाशिव कुंजत्ताय


मूडबिदिरे
२३ जानेवारी २०१९

मास्तर,

पत्र आत्ता मिळालं. शाळेच्या कट्ट्यावर बसून लिहिते आहे.

मिक्सरचा आवाज कुठे गेला? हे तुम्ही स्वतःला विचारलंत का? जे यंत्र मिक्सर खातं ते चंडेच्या ठोक्यांचं काय करेल? मद्दळ्याच्या थापेचं काय करेल? लांब लावलेल्या सुराचं काय करेल? तुम्ही बोलून पाहिलंत, मास्तर. गाऊन नाही पाहिलंत.

कॅसेट लावली नसेल तर लावू नका. लावली असेल तर काहीही न लपवता कळवा.

रेवती


अडेपाडी
२५ जानेवारी २०१९

चि. रेवतीस,

रविवारी येऊ नकोस. यमुनाला ताप आहे. रस्त्याचं कामही चालू आहे, कल्लडक्यापासून पुढे नुसता धुरळा, बस अर्धा अर्धा तास उभी असते. शिवाय घरात पालींचा सुळसुळाट झाला आहे, काल एक पेजेच्या पातेल्यात पडली, ते सगळं ओतून द्यावं लागलं. काजूला मोहोर आला आहे, त्या वासाने माझं डोकं उठतं. पाहुण्याने यावं अशी घराची स्थिती नाही.

कॅसेटचं काम व्यवस्थित चालू आहे. काळजीचं कारण नाही. तू आपला रियाज कर. रूढ चालही वाईट नाही, तीतही गोडवा आहे. पूर्वीचे मोठमोठे भागवत तीच गात आले.

सदाशिव कुंजत्ताय


मूडबिदिरे
३ फेब्रुवारी २०१९

मास्तर,

तुमचं पंचवीस तारखेचं पत्र मला अठ्ठावीसला मिळालं. त्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्या घरी येऊन गेले होते. रस्त्याचं काम कुठेही चालू नव्हतं. यमुनाक्कांना ताप नव्हता, त्या अंगणात सुपारी उलटवत होत्या. मी फाटक उघडलं तेव्हा तुम्ही मागच्या दाराने बागेत गेलात. पाठमोरे दिसलात मला. सहासष्ट वर्षांचा माणूस एका मुलीला भिऊन माडांमागे लपतो हे दृश्य मला विसरता येणार नाही.

यमुनाक्का आत गेल्या. आतून एक स्टीलची ताटली आणून माझ्यासमोर ठेवली. तीत तपकिरी भुकटी होती आणि फितीचे बोटभर तुकडे. हाताला लावली तर चिकटली, वास आला कुबट, ओल्या गोणपाटासारखा. हे माझे अप्पा. ताटलीत.

तुमच्या लॅपटॉपवरची फाईल मी घेऊन आले. घरी येऊन ऐकली. दहा मिनिटं ऐकली आणि बंद केली. अप्पा सूर लावतात, तो एक क्षण येतो, पुढचा शब्द येईपर्यंत विझतो. जणू कुणीतरी गाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवतंय, काढतंय, पुन्हा ठेवतंय. चंडे नाही. मद्दळे नाही. झांज नाही. मग तुम्ही सुरू होता, आणि तुम्ही घंटेसारखे स्वच्छ. तुमचा खाकरा आहे. पाणी प्यायल्याचा घोटसुद्धा आहे. हत्तीच्या निरोपाच्या जागी शांतता आहे, आणि शांततेनंतर तुमचा अर्थ.

तुमच्या यंत्राने माझ्या बापाला मिक्सरबरोबर गाळून टाकलं.

मला पेटीचा हट्ट नव्हता. एक आठवडा मागितला होता. पण तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकायची इतकी घाई की एका रविवारपर्यंत धीर निघाला नाही. आणि वर खोटं. ताप, धुरळा, पाल. मला तुमची किळस आली आहे, मास्तर. हा शब्द तुम्हीच सारखा वापरता, म्हणून तुम्हाला कळेल.

कमिटीला मी अजून काही कळवलेलं नाही.

रेवती


अडेपाडी
१० फेब्रुवारी २०१९

चि. रेवती,

तुझं पत्र यमुनाने मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं. 'मागच्या दाराने' इथे तिने मान हलवली.

सगळं खरं आहे. वीस तारखेला सकाळी कॅसेट लावली. अर्धा तास नीट फिरली, मग चरचर करायला लागली, चाळिसाव्या मिनिटाला तुटली. मी पेन्सिल घालून गुंडाळायला गेलो तर हातात पूड. तेव्हा वाटलं, जाऊ दे, उतरून तर झालं आहे. मग ऐकलं. ऐकल्यावर लॅपटॉपवर टॉवेल टाकून ठेवला, मढ्यावर टाकतात तसा.

पण तू दहा मिनिटांवर थांबलीस. मी पूर्ण ऐकलं आहे. तेव्हा आता जे लिहितो ते लिहायला मला चार दिवस लागले.

फाईल तेविसाव्या मिनिटाला नेऊन लाव.

त्या दुपारी माझ्यासमोर कासरगोडचे एक शास्त्री विजयी राजाच्या बाजूने बसले होते. त्यांनी विचारलं, हरलेल्याला न्याय मागण्याचा हक्क कुठला? चारशे माणसं माझ्याकडे बघत होती. पुसलेल्या पाटीसारखं डोकं कोरं झालं. तुझे अप्पा माझ्या डाव्या हाताला बसले होते. त्यांनी मद्दळेवाल्याला डोळ्याने खूण केली, वाजवत राहा. लोकांना वाटलं मास्तर विचार करताहेत, तोवर वाद्य रंगतंय. त्या गजरात ते माझ्याकडे कलले.

अठ्ठावीस वर्षं त्या कॅसेटवर तिथे नुसता मद्दळ्याचा कडकडाट ऐकू यायचा. मी शंभर वेळा ऐकली आहे, म्हणून निर्धास्त होतो. या लॅपटॉपने मद्दळे गाळून टाकलं. खाली जे हळू बोलणं होतं ते वर आलं. यंत्राला बोलणं तेवढं कळतं ना, कुणाचं आहे ते कळत नाही.

तू ऐकशीलच. ते म्हणतात, "घाई नको मास्तर. मी आहे." मग थोडं थांबून, "म्हणा, हक्क जिंकणाऱ्याला लागतच नाही, त्याच्याकडे सैन्य असतं. हक्क हा शब्दच हरलेल्यासाठी जन्मला." आणि लगेच माझा आवाज, तेच शब्द, छाती फुगवून. मग टाळ्या. त्या टाळ्यासुद्धा यंत्राने खाल्ल्या. बरं केलं.

सत्काराच्या मानपत्रावर ते वाक्य सोनेरी अक्षरांत माझ्या नावाने छापलेलं आहे. हा लॅपटॉप त्या वाक्याबद्दल मिळाला. चौथी शिकलेल्या माणसाचं वाक्य, एका मास्तराने आयुष्यभर खाल्लं. तुझ्या अप्पांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मलाही कधी आठवण करून दिली नाही. आणि मी ते इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते माझं वाटायला लागलं होतं. देवाशपथ, वाटायला लागलं होतं.

ऐकताना यमुना दारात उभी होती. तिने विचारलं, "हा आवाज ईश्वरण्णांचा ना?" मी हो म्हटलं. ती आत गेली आणि जेवणात नुसतं माझं पान वाढून उठून गेली. चिकट हेडफोन, पाल, बुरशी, कशाकशाची म्हणून मला आयुष्यात शिसारी आली. ती सगळी आता एकाच जागी येऊन बसली आहे. आरशात बघून दाढी करत नाही, अंदाजाने करतो.

सदाशिव


मूडबिदिरे
१७ फेब्रुवारी २०१९

मास्तर,

ऐकलं. पहिल्यांदा उभ्याने, मग बसून. आता किती वेळा ऐकलं ते मोजत नाही.

अप्पांचा बोलण्याचा आवाज मी विसरले होते. त्यांच्या गाण्याबद्दल लोक मला भरभरून सांगतात, पण बोलायचे कसे ते कुणीच सांगत नाही, कारण ते फारसं बोलायचेच नाहीत. 'मी आहे' म्हणताना ते 'आहे' किती खाली सोडतात. मला तापात तसं म्हणायचे. ते आठवलं.

म्हणून तुमचं देणं फिटलं असं समजू नका. चाल गेली ती गेली. कमिटीला कळवलं आहे, मी येते, रूढ चालीवर गाईन. हत्तीचा निरोप सगळ्यांसारखाच घेईन. तुम्ही अर्थ सांगायला बसणार की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी नको म्हणणार नाही.

किळस अजून गेलेली नाही. गेली की कळवीन.

रेवती


अडेपाडी
२६ फेब्रुवारी २०१९

चि. रेवतीस आशीर्वाद.

सोबत एक पेनड्राइव्ह पाठवतो आहे. पत्र वाचून झाल्याशिवाय लावू नकोस.

बाहेरचं साउंड कार्ड मी विकत घेतलं. तीच लाल पेटी. केशवाकडे मागायला तोंड नव्हतं. पुत्तूरला गेलो, तोच पान खाणारा, तेच दुकान. त्याने विचारलं, काका, ऐकून बघणार? मी म्हटलं, आण. तो चिकट हेडफोन स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवला. केस अजून तिथेच आहे. या वेळी आत काय वाजतंय ते ऐकलं. घरी येऊन डोकं धुतलं नाही.

जोडायला दोन दिवस लागले. त्याच्याबरोबर आलेल्या कागदावरची अक्षरं मुंगीएवढी, पण तेवढं वाचता येतं मला. मग परीक्षा घेतली. बोलून नाही. यमुनाला म्हटलं, नारळ वाट. तिने एक शब्द न विचारता मिक्सर लावला. उतरवून घेतलं आणि लावलं. घरघराट आला. सगळा आला. मागे कावळा होता, तोही आला. यमुना म्हणाली, आता मीपण आहे म्हणायची या घरात. महिनाभरात ती पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणाने बोलली.

मग मी गायलो.

अर्थ सांगणारा गात नाही, तुला माहीत आहे. पन्नास वर्षांत मी एकदाही सूर लावला नव्हता. माझा आवाज किती किळसवाणा आहे ते तुला कळेलच, फाटक्या चामड्यासारखा. श्वास पुरत नाही, वर गेलो की घसरतो. पण चाल खरी आहे. तुझ्या अप्पांशेजारी बसून ते पद मी निदान दोनशे वेळा ऐकलं आहे. हत्तीचा निरोप संपला की माझं पहिलं वाक्य सुरू व्हायचं. ती चाल कुठे उठते, कुठे टेकते, कुठे श्वास घेते, हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? मला ती येते आहे हे मला माहीतच नव्हतं. कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. गाणं म्हणजे माझ्या बोलण्याआधीची वाट बघायची वेळ, एवढंच मी समजत आलो.

पहिली, दुसरी आणि चौथी ओळ पक्की आहे. नऊ वेळा गायलो, त्यातल्या बऱ्या तीन ठेवल्या आहेत. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर मात्र वळण आहे, ते माझ्याकडे नाही. किती डोकं आपटलं तरी येत नाही. का येत नाही तेही कळलं. तिथवर पद आलं की मी मनात माझं वाक्य जुळवायला लागायचो. दोनशे वेळा अप्पांनी ते वळण घेतलं आणि दोनशे वेळा माझे कान बंद होते. तू लिहिलं होतंस, तुला तेवढंच आठवतं. म्हणून मी तिथे काही भरलेलं नाही. टाळी देत गप्प बसलो आहे, सात मात्रा. ती जागा तुझी आहे.

आधीची फाईल पुसू नकोस. या पेटीवर ती कॅसेट उतरली असती तर मद्दळे स्वच्छ आलं असतं आणि खालचं बोलणं कायमचं झाकलं गेलं असतं. दोन्ही असू देत.

दहा मार्चला मी बसणार आहे, तुझ्या उजव्या हाताला. शास्त्रीबुवा आता नाहीत, पण त्यांचे चिरंजीव समोर आहेत आणि तोच प्रश्न विचारणार असं गावभर झालं आहे. लोक त्या वाक्याची वाट बघत असतील. ते वाक्य मी म्हणेन, आणि ते कुणाचं आहे ते नाव घेऊन सांगेन. त्यानंतर मला काही सुचलं तर बोलेन, नाही तर गप्प बसेन. एवढं वय झालं, एकदा गप्प बसून बघतो.

हत्तीचं पद आलं की कुणाकडे बघू नकोस. गर्दी कशासाठी आली आहे त्याचा विचार करू नकोस. तिसऱ्या ओळीला अडलीस तर मद्दळेवाल्याला मी डोळ्याने खूण करेन, तो वाजवत राहील.

घाई करू नकोस. मी आहे.

सदाशिव